नऊ प्रश्नचिन्हं

2009 साली घरच्या जुन्या सर्व्हरवर आवराआवर करत होतो. 'एलएस' मारलं तर एका फोल्डरचं नाव दिसलं: ?????????. कचरा असणार म्हणून उडवायलाच निघालो होतो. मग म्हटलं, आधी आत तरी बघू. आत आजीच्या आवाजातल्या ओव्या! फोल्डरचं नाव होतं 'आजी'.

मंडळी, नाव बिघडलं नव्हतंच. युनिक्सचं कर्नल नावाची भाषा बघत नाही. स्लॅश आणि शून्य बाइट सोडून त्याला काहीही चालतं. पण 16-बिटी युनिकोडमध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षरासोबत असा एक शून्य बाइट यायचा, म्हणजे नाव मधेच तुटणार. यावरचा तोडगा सप्टेंबर 1992 मध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात निघाला. केन थॉम्प्सनने रॉब पाइकसमोर, जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर, यूटीएफ-8 मांडलं. त्यात आस्कीबाहेरच्या चिन्हाचा प्रत्येक बाइट 128 किंवा त्याहून मोठा. स्लॅश 47, त्यामुळे गल्लत होणारच नाही.

देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. आ, ज आणि दुसरी वेलांटी: तीन त्रिक नऊ. माझ्या सर्व्हरचं लोकॅल 'सी' होतं, म्हणजे फक्त आस्की. एलएसने प्रत्येक अनोळखी बाइटपुढे हात टेकले आणि एकेक प्रश्नचिन्ह छापलं. लोकॅल यूटीएफ-8 केलं, आणि आजी दिसली.

असो. तेव्हापासून प्रश्नचिन्हं दिसली की आधी लोकॅल बघतो, डिलीटचं नंतर.