हार्वर्डची केस लायब्ररीत का सापडत नाही?

मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलामुलींची एक तक्रार मी कायम ऐकतो: युनिव्हर्सिटीची अख्खी लायब्ररी पालथी घातली, पण हार्वर्डची केस काही मिळाली नाही. असं का? उत्तर इतिहासात आहे.

१८७० मध्ये क्रिस्टोफर लँगडेल हार्वर्डच्या लॉ स्कूलचे डीन झाले. नुसते नियम पाठ करू नका, कोर्टाचे मूळ निकाल वाचा, असं त्यांचं म्हणणं. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा, तशी वकिलीला लायब्ररी! आणि निकाल तर सगळ्यांसाठी खुले. कपाटातून काढा, वाचा.

१९०८ मध्ये हार्वर्डचं बिझनेस स्कूल निघालं. १९१९ मध्ये तिथे डीन झालेले वॉलेस डोनम स्वतः लॉ स्कूलमध्ये शिकलेले. त्यांना हीच पद्धत हवी होती. पण घोडं अडलं एका ठिकाणी. धंद्यातले निर्णय कोर्टासारखे छापून थोडेच येतात? ते बंद दाराआड होतात. मग कंपन्यांमध्ये माणसं पाठवून, माहिती काढून, परवानगी घेऊन केसेस लिहाव्या लागल्या. १९२१ ची 'जनरल शू कंपनी' ही त्यातली अगदी सुरुवातीची. विषय साधा: कारखान्यातले कामगार सुटीच्या वेळेआधीच काम का थांबवतात?

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. निकाल सार्वजनिक होता. केस मात्र खर्च करून तयार केलेला माल ठरली. म्हणून हार्वर्डची केस आजही बहुतेक वेळा माणशी एक प्रत अशी विकली जाते आणि बऱ्याच लायब्रऱ्यांना ती सगळ्यांसाठी ठेवता येत नाही. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१० मध्ये केस काढली. आता आपल्याच डबेवाल्यांबद्दल वाचायचं, तर पैसे मोजा! ज्याच्या खिशात ते नाहीत, त्याने काय करायचं?

लायब्ररीत जाऊन "हार्वर्डची केस आहे का?" एवढंच विचारून परत फिरू नका. "आपल्याकडे केसेसचा कुठला डेटाबेस आहे?" असं विचारा. सेज, एमराल्ड हे प्रकाशक लायब्ररीला वर्गणीवर केसेस देतात. तुमच्या युनिव्हर्सिटीने वर्गणी भरली असेल, तर तुम्हाला वेगळे पैसे पडत नाहीत. शिवाय एमआयटीच्या स्लोन स्कूलने बऱ्याच केसेस फुकट खुल्या ठेवल्यात. त्या मोबाईलवरही वाचता येतात.

तर उद्याच लायब्ररीत जाऊन विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत. भेटू पुढच्या भागात!