डायलिसिस आणि रोहिणीतला दाह

आमच्या पिढीला 'डायलिसिस' हा शब्द वर्तमानपत्रांतून कळला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत ते चंडीगढला स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले. पुढे जवळजवळ चार वर्षे ते डायलिसिसच्या आधाराने जगले. मार्च १९७९ मध्ये तर ते जसलोकमध्ये असतानाच त्यांच्या निधनाची चुकीची बातमी संसदेत सांगितली गेली! ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात ते खरोखरच गेले. मधुमेह होताच, शेवटी हृदयानेही साथ सोडली.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण रक्त तर यंत्र शुद्ध करते, मग हृदय का थकावे, हा प्रश्न तेव्हा डॉक्टरांनाही पडलेला होता. सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये हातातील रक्तवाहिन्यांना कायमची नळी जोडून नियमित डायलिसिस शक्य केले. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स अकरा वर्षे जगला आणि १९७१ मध्ये हृदयविकाराने गेला. १९७४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी ३९ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक रोहिण्या कठीण होण्याच्या विकाराने झाले होते.

याची उकल जुन्या वादात आहे. जर्मनीचे रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ च्या सुमारास म्हटले होते की रोहिणीचा हा विकार म्हणजे दाह आहे. १९१३ मध्ये रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून दाखवले की दोष चरबीचा आहे. दोघेही बरोबर होते, हे कळायला विसावे शतक संपत आले.

घडते ते असे. मूत्रपिंड बिघडले की विषारी द्रव्ये रक्तात साचतात, रक्तदाब वाढतो आणि रोहिणीचे नाजूक अस्तर दुखावते. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स वाढतात. 'चांगले' कोलेस्टेरॉल कमी होते, आणि उरते त्याचीही राखणदारी ढिली पडते. वाईट चरबी अस्तराखाली शिरून तिथे बिघडते. तिला गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, चरबीने फुगून तिथेच अडकतात आणि आणखी पेशींना हाक मारतात. जखम भरायला आलेली फौजच आग वाढवते. यंत्राने रक्त गाळले तरी ही आग विझत नाही.

औषध नाही असे नाही. २०११ मध्ये नऊ हजारांहून अधिक मूत्रपिंडरुग्णांवरच्या 'शार्प' चाचणीत चरबी कमी करणाऱ्या गोळ्यांनी हृदयविकार, पक्षाघात यांसारखे प्रसंग सुमारे १७ टक्क्यांनी घटले. मात्र २००५ च्या जर्मन चाचणीत, आधीच डायलिसिसवर असलेल्या मधुमेहींना स्टॅटिनचा ठळक लाभ दिसला नव्हता. म्हणजे वेळ महत्त्वाची.

आमच्या बेटेगाव-बोईसर भागात माझ्या वयाची बरीच माणसे दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आणि मूत्रपिंड तर बरेचसे निकामी होईपर्यंत दुखतच नाही! म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन आणि चरबी तपासून घ्यावी. जयप्रकाशजींच्या काळी डॉक्टरांनाही जे पुरते ठाऊक नव्हते, ते आज आपल्याला ठाऊक आहे. त्याचा उपयोग वेळेत करायला हवा.