मस्तिष्क हिवतापाचा इतिहास

मस्तिष्क हिवताप : प्लास्मोडियम फाल्सिपेरम या प्रजीवामुळे होणाऱ्या हिवतापाचा मेंदूवरील गंभीर उपद्रव. यात रुग्ण जागा न होण्याइतका बेशुद्ध होतो व पुष्कळदा त्याला आचके येतात. उपचार मिळूनही सुमारे पाचापैकी एक रुग्ण दगावतो. वाचलेल्या काही बालकांत आकडी, पक्षाघात किंवा बौद्धिक न्यूनता मागे राहते.

ठराविक अंतराने उलटणाऱ्या तापाचे वर्णन चरक व सुश्रुत यांच्या संहितांत विषमज्वर या नावाने आढळते. तथापि तापातील बेशुद्धीचे नेमके कारण १८८० पर्यंत अज्ञातच होते. त्या वर्षी आल्फाँस लाव्हरां या फ्रेंच लष्करी वैद्याला अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हा प्रजीव दिसला. पुढे एत्तोरे मार्क्याफाव्हा, आमीको बिन्यामी इ. इटालियन विकृतिवैज्ञानिकांनी मृतांच्या मेंदूतील केशवाहिन्या प्रजीवग्रस्त तांबड्या कोशिकांनी भरलेल्या असल्याचे दाखविले.

रोगप्रसाराचे कोडे उलगडण्यास दक्षिण भारतातून सुरुवात झाली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रॉनल्ड रॉस यांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त शोषलेल्या अ‍ॅनॉफेलीस डासाच्या जठरभित्तीत प्रजीवाची वाढ आढळली. सिकंदराबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि ज्योतिर्लिंगामुळे प्रसिद्ध असलेले औंढा नागनाथही त्याच संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात मोडत असे (१९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात). मात्र डासाचा शोध लागला तरी बेशुद्ध रुग्णाला वाचविण्याचा प्रश्न सुटला नाही. सिंकोनाच्या सालीपासून १८२० मध्ये वेगळे केलेले क्विनीन हेच पुढे दीर्घकाळ मुख्य औषध राहिले आणि ते वेळेवर मिळणे खेड्यापासून दवाखान्यापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असे.

बेशुद्धीची मीमांसाही हळूहळूच झाली. प्रजीव वाढू लागला म्हणजे ग्रस्त कोशिकेच्या पृष्ठभागावर उंचवटे येतात व त्यांतील प्रथिनामुळे ती रक्तवाहिनीच्या अस्तरास चिकटते. त्यामुळे बोटाच्या रक्तात प्रजीव थोडे दिसले, तरी मेंदूत ते विपुल असू शकतात. मेंदूची सूज हेच बेशुद्धीचे कारण मानून पूर्वी स्टेरॉइड औषधे दिली जात; परंतु थायलंडमधील परीक्षणात (१९८२) डेक्सामिथासोनाने मृत्यू टळले नाहीत, उलट बेशुद्धी लांबली. क्विनिनामुळे रक्तातील साखर घातक प्रमाणात घटू शकते, हेही १९८३ मध्ये स्पष्ट झाले. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत साखर तपासणे त्यामुळे अनिवार्य ठरले.

चीनमध्ये १९७० च्या दशकात तू यूयू व सहकाऱ्यांनी दवणा-वर्गातील एका वनस्पतीपासून आर्टेमिसिनीन मिळविले. त्यापासून बनविलेल्या आर्टेसुनेटाची क्विनिनाशी तुलना भारतासह चार आशियाई देशांतील १,४६१ रुग्णांवर करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण क्विनिनाच्या गटात २२ टक्के, तर आर्टेसुनेटाच्या गटात १५ टक्के होते. तेव्हापासून शिरेतून दिले जाणारे आर्टेसुनेट हाच गंभीर हिवतापावरील प्रथम पसंतीचा उपचार मानला जातो.

भारतात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये व निर्मूलन कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू झाला. १९६५ मध्ये रुग्णसंख्या सुमारे एक लाखापर्यंत उतरली. पण डासांमधील कीटकनाशक-प्रतिकार व यंत्रणेतील शैथिल्य यांमुळे १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. औंढा नागनाथच्या परिसरात १९६० च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे पूर्ण झाली. ग्रामीण भारतातील हिवतापाचा प्रमुख वाहक अ‍ॅनॉफेलीस क्युलिसिफेसीस कालव्यांच्या व साचलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून सिंचनासोबत डासनियंत्रणाची व रक्ततपासणीची व्यवस्था आवश्यक ठरते. महाराष्ट्रात फाल्सिपेरम हिवतापाचा जोर मुख्यतः गडचिरोलीच्या वनप्रदेशात राहिला आहे. आता शीघ्र चाचणी खेड्यातच करता येते.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष एकच आहे : मस्तिष्क हिवताप हा बहुधा विलंबाचा परिणाम असतो. तापाच्या पहिल्या एकदोन दिवसांत रक्त तपासून योग्य औषध दिले, तर बेशुद्धीची अवस्था बहुतेक वेळा येतच नाही.