ससून घराणे आणि माळव्याची अफू



१९६२ साली माझ्या आईला पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी इंदूरहून पुण्यास नेले. मामा तेथे नोकरीस होता. "ताईला ससूनला ठेवू," असे तो म्हणाला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि ससून हे कुणा माणसाचे नाव असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. औषधाचे किंवा एखाद्या गोऱ्या साहेबाचे असावे, एवढीच माझी धाव.

तो साहेब नव्हता. डेव्हिड ससून १७९२ मध्ये बगदादेस जन्मला. त्याचा बाप सालेह हा तेथील पाशांचा खजिनदार आणि ज्यू समाजाचा प्रमुख. पुढे दाऊद पाशाच्या जुलमामुळे घराण्याला बगदाद सोडावे लागले. डेव्हिड इराणच्या आखातावरील बुशहरला गेला आणि तेथून १८३२ च्या सुमारास मुंबईस आला. अरबी ही त्याची घरची भाषा. पेढीची पत्रेही अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत लिहिली जात. १८५३ मध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा सहीसुद्धा हिब्रूत केली, कारण इंग्रजी त्याला येत नव्हते. इंग्रजी न येताही इंग्रजी साम्राज्याच्या बळावर केवढा व्यापार करता येतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या पेढीची खरी गोम तिच्या रचनेत होती. बगदादच्या गरजू ज्यू तरुणांना आणून त्यांना शिक्षण, निवारा व नोकरी द्यायची आणि मुलांना एकेका बंदरावर धाडायचे. दुसरा मुलगा एलायस १८४४ मध्ये चीनला गेला. थोरला अब्दुल्ला, म्हणजे पुढचे सर अल्बर्ट, वडिलांच्या पश्चात पेढीचा प्रमुख झाला. १८६७ मध्ये एलायस वेगळा झाला आणि एकाच घराण्याच्या दोन पेढ्या एकमेकींच्या स्पर्धेत उभ्या राहिल्या. १८९४ मध्ये सॉलोमन वारला, तेव्हा त्याची विधवा फ्लोरा हिने मुंबईची पेढी काही वर्षे समर्थपणे चालविली. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

आता आपल्या अंगणात येतो. इंग्रजांची बंगालमधील अफू सरकारी मक्त्याची होती. माळव्याची अफू होळकर-शिंद्यांसारख्या संस्थानिकांच्या मुलखात पिके, तिच्यावर तसा मक्ता चालेना. म्हणून सरकारने मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवान्याची पट्टी बसविली. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि ही पट्टी चढत गेली. १८६१ मध्ये ती पेटीमागे ७०० रुपयांवर पोहोचली. आपल्या इंदुरातच अफू तोलून परवाने देणारी सरकारी कचेरी होती. ससूनांनी या धंद्यात काय केले? मुंबईच्या बाजारात येणारा माल विकत घेत बसण्याऐवजी त्यांनी माळव्यातील व्यापाऱ्यांना उभ्या पिकावर आगाऊ रकमा दिल्या, किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत. पीक शेतात असतानाच ते पेढीचे झाले. जार्डिन मॅथेसनसारख्या बलाढ्य इंग्रज कंपनीला या चढाओढीत टिकता आले नाही. १८७१ पर्यंत हिंदुस्थान व चीन या दोन्ही देशांतील अफूच्या साठ्यांचे प्रमुख धनी ससून मानले जाऊ लागले.

हा पैसा कुठे गेला, हे मुंबई-पुण्यात डोळ्यांना दिसते. भायखळ्याचे सिनेगॉग, १८६७ चे पुण्याचे रुग्णालय व त्याच वर्षीचे 'लाल देऊळ', ज्याच्या आवारात डेव्हिडची समाधी आहे. फोर्टातील ग्रंथालय, १८७५ ची कुलाब्याची गोदी. १८७९ मध्ये अल्बर्टने युवराजाचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. तो १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, तरी ती जागा 'काळा घोडा'च राहिली. आमच्या बेने इस्राएल बांधवांची मायबोली मराठी. पण हे बगदादी ज्यू त्यांच्यापासून अंतर राखूनच राहिले, हेही नमूद केले पाहिजे. ससूनांची नजर पुढे लंडनकडेच लागली. अल्बर्ट तेथेच स्थायिक झाला आणि १८९० मध्ये त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली.

काही जण म्हणतात, चीनमधल्या व्यसनी माणसांच्या जिवावर उभारलेल्या दानाचे गोडवे कशाला गायचे? हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. परंतु मग सर जमशेटजी जिजीभाईंचे काय? पट्टी वसूल करणाऱ्या सरकारचे, आमच्या संस्थानी खजिन्यांचे, व्याज खाणाऱ्या आमच्याच सावकारांचे काय? १९१३ मध्ये चीनची निर्यात थांबली, ती चिनी लोकांच्या आणि जगभरच्या निषेधाने; आमच्यापैकी कुणी पुढाकार घेऊन थांबविली, असे नाही. जोसेफ ससून या वंशजानेच २०२२ मध्ये घराण्याचा इतिहास लिहिताना अफूचे प्रकरण झाकून ठेवले नाही. आम्ही माळव्यातल्या माणसांनी आपल्या वाट्याचा इतिहास अजून तितक्या मोकळेपणाने लिहिलेला नाही.

माझी आई त्या दुखण्यातून उठली आणि पुढे पुष्कळ वर्षे जगली. तिचे माहेर मंदसोरकडचे. तिच्या आजोबांच्या शेतात अफूच होत असे. बोंडांना चिरा पाडून पहाटे चीक खरवडायला घरातली सगळी माणसे जात, असे ती सांगायची.