पत्र्यावरच्या आघाताची ओळख: एका तंत्राची कुळकथा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात तयार होणारी मोटार म्हणजे बांधणीच्या दृष्टीने मुख्यतः पातळ पोलादी पत्र्यांचा एकमेकांना जोडलेला सांगाडा असतो, आणि त्यावर झालेला आघात काही मिलिसेकंदांत ओळखण्याचे काम त्या सांगाड्याच्या पृष्ठभागावर घट्ट बसवलेले छोटे कंपनसंवेदक करतात. हे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांत रुळले असले, तरी त्याचे कूळ दोन शतकांहून जुने आहे आणि त्यात गणित, खनिजशास्त्र व युद्धविद्या अशी तीन निरनिराळी घराणी एकत्र आली आहेत.

यांपैकी गणिताचे घराणे सर्वांत जुने. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी याने 1787 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळू भुरभुरलेल्या पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवला, तेव्हा पत्र्याचे जे भाग स्थिर राहत तेथे वाळू गोळा होऊन रेखीव आकृत्या उमटल्या. या आकृत्यांची गणिती उपपत्ती देणाऱ्यासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीने पारितोषिक जाहीर केले आणि ते 1816 मध्ये सोफी जर्मेन हिला मिळाले. स्त्री असल्यामुळे उच्च शिक्षणाची दारे जिला बंद होती, तिने तिसऱ्या प्रयत्नात हे यश मिळवले, ही गोष्ट या कुळकथेत ठळकपणे नोंदवायला हवी. तिच्या मांडणीतील उणिवा गुस्ताव किर्खहोफ याने 1850 मध्ये दूर केल्या, आणि 1917 मध्ये होरेस लॅम्ब या इंग्रज गणितज्ञाने पातळ पत्र्यातून जाणाऱ्या तरंगांचे संपूर्ण विश्लेषण मांडले, म्हणून ते तरंग आजही लॅम्ब तरंग याच नावाने ओळखले जातात. त्यांतील वाकणाऱ्या तरंगांचा एक गुण पुढच्या अभियंत्यांना फार छळणारा ठरला. पातळ पत्र्यात अधिक वारंवारतेचे, म्हणजे सेकंदाला अधिक वेळा हेलकावणारे तरंग पुढे धावतात व कमी वारंवारतेचे मागे रेंगाळतात, त्यामुळे एका ठोक्याचा आवेग अंतराबरोबर पसरत जातो आणि तो संवेदकापाशी नेमका केव्हा पोहोचला हे ठरवणेच कठीण होते. या पसरण्याला अपस्करण म्हणतात.

दुसरे घराणे खनिजांचे आहे. झाक आणि पिअर क्यूरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखवून दिले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला असता त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार निर्माण होतो; या गुणाला दाबविद्युत म्हणतात. लेड झिर्कोनेट टायटॅनेट, म्हणजेच पीझेडटी, या सिरॅमिक पदार्थाचे प्रबळ दाबविद्युत गुण 1950 च्या दशकात उघड झाल्यावर पत्र्यावर चिकटवता येईल अशी पातळ, स्वस्त आणि संवेदनशील चकती उपलब्ध झाली. पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेत याच पदार्थावर काम झाले आहे, आणि त्यामागचे कारण उघड आहे: लक्ष्यावर आदळताच स्फोटक पेटवणाऱ्या फ्यूजमध्ये दाबविद्युत स्फटिक हाच आघाताचा पहिला साक्षीदार असतो.

तिसरे घराणे रणांगणातले. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शत्रूच्या तोफेचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणच्या ध्वनिग्राहकांपर्यंत किती कालांतराने पोहोचतो यावरून तोफेची जागा शोधण्याची रीत परिपूर्ण केली. दोन ग्राहकांतील कालांतर ठोक्याची जागा एका अपास्तावर (हायपरबोलावर) बांधून ठेवते, तिसरा ग्राहक दुसरा अपास्त देतो, आणि दोहोंच्या छेदावर उगम सापडतो. पत्र्यावरील आघाताची जागा शोधण्यासाठीही मुळात हीच रीत वापरली जाते. या तंत्राची गरज किती गंभीर आहे हे कोलंबिया अंतराळयानाच्या दुर्घटनेने दाखवले. जानेवारी 2003 मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, पण त्या आघाताने नेमकी किती हानी केली हे कल्पना चावला आणि तिच्या सहा सहकाऱ्यांना कळू शकले नाही, आणि 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर सर्वांचा अंत झाला. जुलै 2005 मध्ये डिस्कव्हरी यान निघाले तेव्हा त्याच्या प्रत्येक पंखात 66 त्वरणमापक बसवलेले होते.

मोटारीत मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलते, आणि पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील अभियंत्यांचे खरे कौशल्य येथेच लागते, कारण आघात कोठे झाला यापेक्षा तो कशाचा आहे हे ओळखणे येथे अधिक महत्त्वाचे असते. अमेरिकेत अ‍ॅलन ब्रीड याने 1960 च्या दशकाच्या अखेरीस बनवलेल्या एअरबॅगच्या संवेदकात नळीतील पोलादी गोळी जोराच्या धक्क्याने पुढे सरकून विद्युतमंडल जोडत असे. 1990 च्या दशकात तिची जागा सिलिकॉनच्या सूक्ष्म त्वरणमापकाने घेतली आणि संवेदकाच्या मागे गणनयंत्र आले. एअरबॅग उघडायची की नाही याचा निर्णय ते गणनयंत्र 15 ते 30 मिलिसेकंदांत घेते. चाकण-तळेगाव रस्त्यावरचा खड्डा, वेगाने ओलांडलेला गतिरोधक, पदपथाच्या कडेवर आदळलेले चाक किंवा जोरात आपटलेले दार यांपैकी कशानेही एअरबॅग उघडता कामा नये, आणि खऱ्या धडकेत ती उघडलीच पाहिजे. म्हणून धडक-चाचण्यांइतक्याच न उघडण्याच्या चाचण्याही निर्णायक असतात. आपल्या रस्त्यांवरील कंपने युरोपातील रस्त्यांपेक्षा वेगळी असल्याने परदेशात ठरवलेले मापदंड जसेच्या तसे उचलणे येथे पुरेसे नाही, हे आग्रहाने सांगायला हवे.

या विषयातील भारतीय मानके तयार करणाऱ्या समितीचे सचिवालय पुण्यातच, 1966 मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे, आणि चाकणलाही तिचे केंद्र आहे. मोटारींच्या नव्या मॉडेलांसाठी समोरील धडकेची चाचणी ऑक्टोबर 2017 पासून लागू झाली, तर चालकाच्या बाजूची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली.

या साऱ्या मापनाचा आधार एकच गृहीतक असते: आघाताचा मार्ग, म्हणजे बंपरपासून संवेदकापर्यंतचा पत्रा, चाचणीच्या वेळी होता तसाच आहे. मोटारीच्या पुढे पोलादी नळ्यांचा बुल बार बसवला की धडकेचा जोर सांगाड्यात वेगळ्या वाटेने शिरतो, संवेदकाला मिळणारा इशारा बदलतो आणि एअरबॅग उशिरा उघडण्याची किंवा न उघडण्याची शक्यता निर्माण होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा जोडणीवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कारवाई करण्यास सांगितले. ज्यांच्या मोटारीवर असा बार अजून आहे, त्यांनी तो उतरवावा.