तजवीद : नवमुस्लिमांचे कुरआनपठण

तजवीद : कुरआनाच्या अरबी पठणाचे उच्चारशास्त्र. वर्ण त्याच्या नेमक्या स्थानातून काढणे, त्याचे गुण राखणे, स्वर ठरलेल्या मात्रेइतकाच लांबवणे आणि योग्य जागी थांबणे, एवढे या शास्त्राचे क्षेत्र आहे. कुरआनाच्या 73व्या सूरेत (अल्-मुज्जम्मिल) पठण सावकाश व स्पष्ट करण्याची आज्ञा आहे. तजवीदचा आधार म्हणून हीच आयत प्रथम सांगितली जाते. सूर लावून म्हणणे ही वेगळी गोष्ट. गळा गोड नसलेला माणूसही निर्दोष पठण करू शकतो आणि अत्यंत सुरेल पठणातही ढोबळ चुका राहू शकतात.

मुसलमान घरातले मूल लहानपणीच मकतबात काइदा (अरबी वाचनाची पहिली पोथी) गिरवू लागते. प्रौढ वयात इस्लाम स्वीकारणाऱ्याला तेवढी सवड नसते. रोजच्या पाच नमाजांत मिळून 17 फर्ज (अनिवार्य) रकाती (नमाजाची आवर्तने) आहेत आणि सूरा फातिहाच्या 7 आयती हा प्रत्येक रकातीच्या पठणाचा पाया आहे. त्यामुळे भाषा येण्याआधीच तिचे उच्चार तोंडात बसवावे लागतात. हनफी मतानुसार इमामामागे उभे असलेल्याने गप्प राहून ऐकायचे असते. तेवढा काळ नवशिक्याला उसंत मिळते. शाफिई मतात मात्र इमामामागेही प्रत्येकाने फातिहा स्वतः म्हणायची असते. बिस्मिल्लाह हीसुद्धा त्या सूरेचीच आयत धरली जाते आणि सूरेतले 14 द्वित्त उच्चार (तश्दीद) मोजून सांगितले जातात. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई असल्याने रत्नागिरी-रायगडच्या मशिदीत नव्याने येणाऱ्याला फातिहा लवकर पाठ करावी लागते.

न जमणाऱ्याला परंपरेने वाऱ्यावर सोडलेले नाही. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी पुण्य मिळते, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत आयेशा यांच्याकडून आलेली आहे. ज्याला कुरआनातले काहीच पाठ होत नव्हते अशा एका माणसाला प्रेषितांनी तस्बीह, तहमीद, तकबीर अशी छोटी स्तुतिवचने शिकवल्याचा उल्लेख अबू दाऊदच्या संग्रहात आहे. इमाम अबू हनीफा यांनी तर आरंभी नमाजात फारसी भाषांतर म्हणण्यास मुभा दिली होती. ती फक्त अरबी न येणाऱ्यापुरतीच आहे, असे त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद यांनी ठरवले आणि पुढे खुद्द इमामांनीही आपले मत मागे घेतल्याचे सांगितले जाते.

इतिहास : हे शास्त्र मोठ्या प्रमाणात अरबेतर माणसांच्या गरजेतून आणि त्यांच्याच हातून घडले. नवमुस्लिमाने ही गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण आपण परक्याच्या घरात चोरपावलांनी शिरतो आहोत ही भावना अनेकांची जीभ जखडून ठेवते. कुरआन ज्यांच्याकडून शिका असे प्रेषितांनी सांगितले त्या चौघांत सालिम हे इराणी मूळ असलेले मुक्त गुलाम होते. इस्लाम इराक-इराणात पसरला तशा नवागतांच्या चुका वाढल्या. त्या रोखण्यासाठी सातव्या शतकात अबुल अस्वद अद्-दुअली यांनी स्वर दाखवणारे ठिपके वापरात आणल्याचे परंपरा सांगते. आजच्या स्वरचिन्हांचे श्रेय आठव्या शतकातील खलील इब्न अहमद यांना दिले जाते. खलील यांचे शिष्य सीबवैह हे फारसी मातृभाषेचे. अरबीतल्या वर्णांच्या 16 उच्चारस्थानांचे वर्णन त्यांच्या ‘अल्-किताब’ या व्याकरणग्रंथात सापडते.

दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी सात मान्य पठणपद्धती निश्चित केल्या. या पद्धतींच्या सात प्रवर्तकांपैकी अबू अम्र व इब्न आमिर हे दोघेच अस्सल अरब वंशाचे मानले जातात. बाकीचे अरब टोळ्यांच्या आश्रयाला आलेल्या अरबेतर घराण्यांतले. भारतासह जगाच्या बहुतेक भागांत आज कूफ्याचे आसिम (मृत्यू 745) यांची पद्धत त्यांचे शिष्य हफ्स (मृत्यू 796) यांच्या परंपरेने चालते. मोरोक्को-अल्जीरियाकडे वर्श यांची आणि लिबियात कालून यांची परंपरा आहे. त्यामुळे तिकडचे पठण ऐकून आपण शिकलो ते चूक की काय, असे नवशिक्याला वाटू शकते. तशी शंका घेण्याचे कारण नाही.

तजवीदवरील पहिली स्वतंत्र रचना अबू मुजाहिम अल्-खाकानी (मृत्यू 937) यांची मानतात. पण मदरशांत आजही पाठ केली जाते ती दमास्कसला जन्मलेल्या इब्नुल जजरी (1350–1429) यांची ‘अल्-मुकद्दिमा’ ही शंभरावर ओळींची पद्यरचना. सर्वत्र प्रमाण मानलेली 17 उच्चारस्थाने तिच्यातली. तोंड-घशाची पोकळी, घसा, जीभ, ओठ आणि नाकाची पोकळी अशा पाच विभागांत ती वाटलेली आहेत. वेदांगातील शिक्षाग्रंथांची स्थान, करण, मात्रा ही विचारपद्धत ज्याने पाहिली असेल त्याला हा सगळा प्रपंच अनोळखी वाटणार नाही.

वर्णोच्चार : अरबी वर्ण 28. त्यांतले जवळपास निम्मे मराठी माणसाला आयते येतात आणि बाकीच्यांपैकी काही ‘येतात’ असा भ्रम होतो. हा भ्रम न येण्यापेक्षा अधिक त्रासदायक आहे. जकात, जिक्र, वजू, जुहर हे चार शब्द आपण एकाच ‘ज’ने म्हणतो. अरबीत ते चार वेगळे वर्ण आहेत : अनुक्रमे ज़े, ज़ाल, ज़्वाद आणि ज़ोए (ही नावे आपल्याकडे उर्दू वळणाने घेतली जातात). ज़े मराठीतल्या ‘जाळे’मधल्या ज-ला जवळचा आहे, पण ‘जाळे’ म्हणताना जीभ आधी टेकते आणि हवा क्षणभर अडते. ज़ेमध्ये ती अडता कामा नये. ज़ाल आणि से म्हणताना जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला यावे लागते. ‘हदीस’च्या शेवटी हाच से आहे आणि उर्दूने त्याचा सरळ स करून टाकला आहे. म्हणून इस्लामी शब्द आधीपासून कानावर असलेल्या माणसाला काही उच्चार नव्याने शिकण्याआधी जुने विसरावे लागतात.

घशातून निघणारे वर्ण सहा. हम्जा व छोटी हे तळातून, ऐन व बडी हे मध्यातून, ग़ैन व खे वरच्या भागातून. यांपैकी ऐनला देवनागरीत अक्षरच नाही. तो अ म्हणून उरकला जातो आणि तसे झाले की शब्दाचा कणाच जातो. क़ाफ हा क नव्हे. जिभेचे मूळ पडजिभेजवळ लागल्याशिवाय तो निघत नाही. क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा, हे उदाहरण प्रत्येक कारी (पठण शिकवणारा) पहिल्याच आठवड्यात देतो.

खे, स्वाद, ज़्वाद, ग़ैन, तोए, क़ाफ, ज़ोए हे सात वर्ण जड उच्चाराचे. हे म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. मराठी कानाला तोए हा ट-सारखा भासतो, पण जीभ मागे वळवायची नसते. टोक वरच्या दातांच्या मुळाशीच राहते. सर्वांत अवघड ज़्वाद. जिभेची कड वरच्या दाढांना लावून तो काढायचा असतो. तो ज़ोएसारखा ऐकू यावा की जड द-सारखा, यावर भारतीय उपखंडात दीर्घकाळ वाद झाले, फतवे निघाले. नवशिक्याने त्या वादात पडू नये. आपला शिक्षक म्हणतो तसे म्हणत राहावे. फातिहाच्या शेवटच्या शब्दातच हा वर्ण असल्याने तो टाळताही येत नाही.

स्वर आणि मात्रा : मराठी भाषकाच्या खऱ्या अडचणी इथे आहेत, आणि काइद्यांत त्या क्वचितच सांगितलेल्या असतात. मराठी लेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, बोलण्यातही आपण तो लांबवतो. अरबीत शेवटचा ऱ्हस्व स्वर ऱ्हस्वच राहिला पाहिजे, कारण ऱ्हस्व-दीर्घावर अर्थ अवलंबून असतो. उलट बाजूने, मराठीत शब्दान्तीचा अ आपण गिळतो. ‘इय्याक नअबुदु’ असे देवनागरीत वाचणारा ‘इय्याक्’ म्हणतो. तिथला अ पूर्ण उच्चारायचा असतो.

दीर्घ स्वराची स्वाभाविक लांबी 2 हरकतींची (ऱ्हस्व स्वराच्या मात्रांची). त्यामागून त्याच शब्दात हम्जा आला तर ती हफ्सच्या परंपरेत 4 किंवा 5 होते. द्वित्त वर्ण आला तर 6, जशी फातिहाच्या शेवटच्या शब्दात. देवनागरीचा एकच काना या तिन्ही लांबी दाखवू शकत नाही. शिक्षक बोटे मिटत-उघडत हे मोजायला शिकवतात.

साकिन (स्वरहीन) नूनच्या नियमांना विद्यार्थी घाबरतात, कारण ते तक्त्यात मांडून समोर ठेवले जातात. पुढचा वर्ण घशातला असेल तर न स्पष्ट (इज्हार). सहा ठरावीक वर्णांपुढे तो त्यांच्यात मिसळतो (इद्गाम). बे आला की म होतो (इक्लाब). उरलेल्या 15 वर्णांपुढे तो अर्धवट लपून नाकात राहतो (इख्फा). मराठी माणसाला यातला बराच भाग जन्मतःच येतो. ‘संबंध’ म्हणताना अनुस्वाराचा म कोणी शिकवल्याशिवाय होतो, तोच इक्लाब. जपायचे ते दुसरीकडे. ‘अंश’, ‘संसार’ या शब्दांत आपल्या अनुस्वाराला व-ची छटा येते, ती कुरआनपठणात येता कामा नये. आणि ‘सिंह’मध्ये घशातल्या वर्णाआधी अनुस्वार नाकात जातो, तसे फातिहातल्या ‘अन्अम्त’मध्ये करायचे नाही. तिथे न स्वच्छ हवा.

क़ाफ, तोए, बे, जीम, दाल हे पाच वर्ण स्वरहीन असले की त्यांना हलका धक्का द्यायचा असतो (क़ल्क़ला). सूरा इख्लासच्या आयतींच्या शेवटी दाल ऐकू येतो तो असा. त्या धक्क्याचा पुरा अ झाला की चूक.

चुकांचे दोन प्रकार : वर्ण किंवा स्वर बदलून शब्दच बिघडवणारी ती उघड चूक (लह्न जली). नाकातला गुंजार कमी पडला, लांबी पुरी भरली नाही, ती सूक्ष्म चूक (लह्न खफी). ‘अन्अम्त’ म्हणजे ‘तू कृपा केलीस’. शेवटी उकार लागला तर ‘मी कृपा केली’ असा अर्थ होतो. अशी चूक समर्थ माणसाने टाळलीच पाहिजे, यावर एकमत आहे. तजवीद न पाळणारा पापी, असे इब्नुल जजरी यांनी म्हटले आहे आणि काही शिक्षक ते नवशिक्याच्या तोंडावर फेकतात. अनेक फकीहांनी (धर्मविधीच्या पंडितांनी) ते वचन उघड चुकांपुरते आणि शिकण्याची कुवत असूनही टाळाटाळ करणाऱ्यापुरते मर्यादित केले आहे. सूक्ष्म नियम हा पठणाचा अलंकार समजावा. धाक दाखवून जीभ सुटत नाही, उलट बसते.

दुसऱ्या टोकाला प्रेषितांचे साथी बिलाल यांची गोष्ट सांगितली जाते, की त्यांना श म्हणता येत नसे आणि त्यांचा स-च ईश्वराने श म्हणून स्वीकारला. इब्न कसीर यांच्यासारख्या हदीसपंडितांनी ती निराधार ठरवली आहे. नवमुस्लिमाच्या दिलाशासाठी तिची गरजही नाही. अडखळणाऱ्याविषयीची खरी हदीस पुरेशी आहे.

शिक्षणाची रीत : शिक्षकाने म्हणावे, विद्यार्थ्याने त्याचे तोंड पाहत पुन्हा म्हणावे (तल्कीन). मग विद्यार्थ्याने म्हणावे आणि शिक्षकाने ऐकावे. या रीतीला पर्याय सापडलेला नाही. वर्णाचे स्थान तपासण्याची जुनी युक्ती म्हणजे तो स्वरहीन करून त्याच्या आधी अ लावणे : अब्, अक़्, अस्. आवाज जिथे अडतो ते त्याचे स्थान. लुधियान्याचे नूर मुहम्मद यांचा ‘नूरानी काइदा’ आता अरब देशांतही शिकवला जातो. उर्दू येणाऱ्यांसाठी अशरफ अली थानवी यांचे ‘जमालुल कुरआन’ हे छोटे पुस्तक आहे. कानासाठी इजिप्तचे महमूद खलील अल्-हुसरी (1917–1980) यांचे ध्वनिमुद्रण सर्वांत भरवशाचे. शिकणाऱ्यांसाठी त्यांनी केलेले सावकाश पठण वेगळे मिळते. कर्णमधुर दीर्घ आलापांचे पठण ऐकण्यास सुंदर असले तरी अनुकरणासाठी घेऊ नये.

छापील प्रत एकच धरावी. भारतीय छापाच्या आणि मदीना छापाच्या कुरआनांत चिन्हे वेगळी असतात. मदीना प्रतीत लपणाऱ्या नूनवर चिन्हच नसते. भारतीय प्रतीतल्या थांब्याच्या खुणा बाराव्या शतकातील सजावंदी यांच्या पद्धतीच्या आहेत. नियमांनुसार रंग दिलेल्या प्रती उपयोगी आहेत, पण रंग पाहून उच्चार येत नाही, आलेला उच्चार आठवतो इतकेच.

देवनागरीतले कुरआन नवमुस्लिमांच्या हाती हमखास पडते. पहिल्या काही दिवसांत फातिहा आणि 112 ते 114 या छोट्या सूरा पाठ करायला ते उपयोगाला येते. त्यापुढे ते अडसर ठरते, कारण त्यातून वाचणारा अरबी वर्ण कधीच पाहत नाही आणि मराठीच्या सवयी घट्ट होत जातात. उलेमांचा मोठा वर्ग अरबीखेरीज अन्य लिपीत कुरआन लिहिण्याला संमती देत नाही, त्यामागे हेही कारण आहे. अरबी लिपी शिकायला अवघड नाही. अक्षरांची रूपे आणि स्वरचिन्हे एवढाच भाग असल्याने प्रौढ माणूस ती लवकर आत्मसात करतो.

पूर्ण कुरआन शिक्षकाला ऐकवून उतरलेल्याला इजाजत (पुढे शिकवण्याची परवानगी) मिळते आणि तिच्यात शिक्षकांची साखळी प्रेषितांपर्यंत नोंदलेली असते. ती प्रत्येकाला लागत नाही. फातिहा मात्र प्रत्येकाला लागते. ती पाठ झाली की जवळच्या कारीला एकदा नव्हे, चुका संपेपर्यंत ऐकवावी, आणि नियमांची पुस्तके त्यानंतर उघडावीत.