मातीची पचनशक्ती

दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. दिवसकार्य आटोपल्यावर आवराआवर करताना त्यांचा औषधांचा डबा हाती आला. अपस्मारासाठी ते वीस वर्षं कार्बामॅझेपिनच्या गोळ्या घेत होते. पाच-सहा पाकिटं न फोडलेली शिल्लक होती. मामा म्हणाले, ‘‘संडासात टाक आणि दोन बादल्या पाणी ओत. मागे शोषखड्डा आहे ना? माती सगळं पचवते.’’

आमचं घर कोकणातलं. परसात शोषखड्डा आणि त्याच्या खालच्या अंगाला विहीर. माझा हात थांबला. माती खरंच सगळं पचवते का? या साध्या प्रश्नाचा माग काढता काढता मी जवळजवळ दीडशे वर्षं मागे जाऊन पोचलो.

सांडपाणी जमिनीत मुरलं की स्वच्छ होतं, हे लोकांना अनुभवाने ठाऊक होतं. इंग्लंडमध्ये १८६८ ते १८७० या काळात एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोग करून दाखवलं. सांडपाणी सलग न सोडता थांबून थांबून सोडलं, मधल्या वेळात मातीत हवा खेळू दिली, तर खालून बरंच निवळ पाणी मिळतं. पण ही किमया केवळ रासायनिक आहे, असाच त्यांचा समज होता.

खरा उलगडा १८७७ साली पॅरिसमध्ये झाला. थिओफील श्लोझिंग आणि आशिल म्युंट्झ या दोघांनी एका उंच काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून रोज थोडं थोडं सांडपाणी सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर येत होता. मग हळूहळू त्याचं नायट्रेट होऊ लागलं. आता विचार करा, ही क्रिया नुसती रासायनिक असती तर वीस दिवस वाट कशाला पाहिली असती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम ठप्प! वाफ काढून टाकली तरी ते सुरू होईना. मग चांगल्या मातीचं धुवण त्यात ओतलं आणि काही दिवसांत नळी पुन्हा कामाला लागली. म्हणजे पचवणारी माती नव्हे, मातीतले जीव! आणि त्या जिवांना लागते हवा, लागतो वेळ.

१८९५ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी टाकी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिलं. आपल्याला वाटतं, सगळं काम टाकीच करते. तसं नाही. टाकीत गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि हवेवाचून काही भाग कुजतो. पुढे निघणारं पाणी घाणच असतं. खरी सफाई टाकीच्या पुढे, खड्ड्याखालच्या कोरड्या, हवेशीर मातीत होते.

या मातीची पहिली मोठी फजिती केली ती धुण्याच्या पावडरीने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत साबणाची जागा डिटर्जंटने घेतली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अनेक घरांत शोषखड्डाही स्वतःचा आणि विहीरही स्वतःची. तिथे नळ सोडला की पेल्यात फेस येऊ लागला! त्या डिटर्जंटच्या रेणूची शेपटी फांद्याफांद्यांची होती आणि जिवाणूंना ती तोडता येईना. अखेर १९६५मध्ये अमेरिकी कारखानदारांनी सरळ शेपटीचा रेणू वापरायला सुरुवात केली. हा रेणू हवेशीर मातीत जिवाणू पचवू शकतात. दोष मातीचा नव्हता. तिच्या पानात काय वाढायचं, याचा विचार आपण केला नव्हता.

फेस निदान डोळ्यांना दिसला. औषधं दिसत नाहीत. आपण घेतलेल्या गोळीचा काही अंश रूप बदलून, काही तसाच, शरीराबाहेर पडतो. चहा-कॉफीतलं कॅफिन, तापावरचं पॅरासिटामॉल हे चांगल्या मातीत बहुतांशी संपून जातं. काही औषधं मातीच्या कणांना चिकटून बसतात आणि जिवाणूंना सवड मिळते. पण सल्फामेथॉक्साझोल हे जंतुनाशक मातीला फारसं चिकटत नाही. मातीचे कण ऋणभारित आणि पाण्यात तेही बहुधा ऋणभारित, मग जमणार कसं? अमेरिकेतल्या केप कॉड या रेताड भागात बहुतेक घरांना सेप्टिक टँक आहेत आणि पिण्याचं पाणी जमिनीखालून येतं. तिथल्या २० सार्वजनिक विहिरींचं पाणी तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक विहिरींत हे औषध सापडलं. प्रमाण अगदी नगण्य, लिटरमागे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शांत मोजावं असं. त्याने कुणी लगेच आजारी पडत नाही. पण माती ते अडवू शकली नाही, हे खरं.

आणि मातीला दाद न देणाऱ्या औषधांच्या यादीत ठळक नाव आहे कार्बामॅझेपिनचं. माझ्या वडिलांच्या गोळ्यांचं!

ते वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. वीस वर्षं त्यांच्या शरीरातून जे गेलं, ते याच परसात मुरलं होतं. आमच्याकडे जांभा दगड. त्याच्या भेगांतून पाणी भराभर खाली उतरतं आणि जिवाणूंना वेळच मिळत नाही. वडिलांनी औषध घेऊ नये, असं कोण म्हणेल? त्या गोळ्यांनीच त्यांना उभं ठेवलं. पण उरलेल्या गोळ्यांची भर घालणं तरी माझ्या हातात होतं. मुदत न संपलेली पाकिटं मी त्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन दिली. यंदा शोषखड्डाही हलवला, विहिरीच्या खालच्या अंगाला, शक्य तितका लांब आणि जिथे मातीचा थर जाड आहे तिथे.

मामांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘‘म्हणजे मातीचं पोटही आपल्यासारखंच म्हणायचं. सवयीचं तेवढं पचतं.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)